रजिस्टर चुकत नाही

शाळेच्या लोखंडी कपाटाची किल्ली मी कधी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्याला आणि मी रोज सकाळी जालन्याहून एसटीने. ज्या दिवशी मी रजेवर, त्या दिवशी कपाटही रजेवर. सोबतचे सर त्यावरून मला फार चिडवायचे. "मॅडम, सोनं ठेवलंय का आत?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "सोनं गेलं तर पुन्हा करता येतं, सर." अशी वाक्यं आधीच तयार ठेवायची मला खोड आहे, आणि बोलून झाल्यावर स्वतःवर खूश व्हायचीही आहे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, अंबड तालुक्यातली, पहिली ते चौथी. शिक्षक दोनच. मुख्याध्यापकाचं पद रिकामं, म्हणून त्याचा कारभार माझ्याकडे. वडीगोद्रीला एसटीतून उतरायचं आणि पुढे ऑटोने जायचं. ऑफिस म्हणून वेगळी खोली नव्हती. चौथीच्या वर्गाच्या कोपऱ्यात टेबल, खुर्ची आणि ते कपाट. कपाटात बाकी काही असो नसो, जनरल रजिस्टर होतं. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची ओळ त्यात असते. पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकात आणि परत अक्षरात, कुठून आला, कुठे गेला, शेवटी शेरा. साठी उलटलेले लोकसुद्धा त्यातला उतारा मागायला येतात, कारण त्यांच्या जन्माचा दुसरा पुरावाच नसतो. आमच्या जुन्या रजिस्टरात निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. आई म्हणायची, "पोळ्याच्या आधी झाला," आणि त्या वेळचे गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. मी हे सगळ्यांना हसून सांगायची. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी ही गोष्ट लक्षात असू द्या.

रजिस्टर बघायला कोण कोण येऊन गेलं! शिकवणीवाला एक जण भिंतीवरचं कॅलेंडर भेट म्हणून घेऊन आला आणि पालकांचे फोन नंबर मागायला लागला. कॅलेंडरसकट परत पाठवला. निवडणुकीच्या दिवसांत एक कार्यकर्ता आला, त्याला कोणत्या गल्लीत कोणत्या जातीची किती घरं ते पाहिजे होतं. त्याच्याशी बोलताना माझा आवाज इतका चढला की दुसरीची पोरं खिडकीत जमा झाली. एकदा तर एक बाप्या म्हणाला, "पोरगी बघायला चाल्लो मॅडम, तिची जन्मतारीख तेवढी बघू द्या, घरचे कमी सांगून राह्यले." त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुपही मी असा करून ठेवला होता की फक्त मीच त्यात लिहू शकत होते. थोडक्यात, गावाची माहिती बाहेर जाईल अशी एकही फट मी ठेवलेली नाही, असं मला खात्रीने वाटत होतं. शाळेच्या आत बसलेल्या कुणाकडून काही होईल असं मनातही आलं नाही.

एका जूनमध्ये एक जोडपं पोरीचं नाव घालायला आलं. नवरा हायवेला पंक्चरचं दुकान टाकत होता. मूळचे पिंपळगाव रेणुकाईकडचे, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. बाई तरुण होती, फार तर चोवीस-पंचवीसची. जन्माचा दाखला तिने टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढेना. मग नवऱ्याला म्हणाली, "पोरीला जरा घसरगुंडी दाखवा न् बाहेर." तो पोरीला घेऊन गेला, तेव्हा कुठे तिने हात उचलला.

"मॅडम, ह्याच्यावर आईचं जे नाव हाये, ते माझ्या थोरल्या बहिणीचं हाये," ती म्हणाली. "पोरगी सव्वा वर्षाची व्हती तव्हा ती गेली. मंग घरच्यांनी मला दिलं हितं. पोरीला काहीच याद न्हाई. ती मलाच मम्मी म्हंती."

मी दाखला पाहिला. नाव स्पष्ट होतं.

"तिकडं गावात ऱ्हायलो आसतो तर कुणी ना कुणी बोललंच आसतं. म्हणून तर इतक्या लांब आलो. हितं कुणालाच माहीत न्हाई. मी सांगन तिला. मीच सांगन. जरा समजती झाली की गावाकडं रेणुकाईच्या देवळात घेऊन जाईन, तिथं बसवून सांगन. पण तवर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. बिलकुल न्हाई. माझं नाव न्हाई का लावता येत?"

मी सांगितलं की रजिस्टरमध्ये दाखल्याप्रमाणेच लिहावं लागतं, त्यात मला काही करता येत नाही. पण प्रगतिपुस्तकावर, जे घरी जातं, जे पोरगी बघते, त्यावर तुमचं नाव लिहीन. ते नियमात बसतं की नाही हे मी बघितलं नाही. मग माझं एक तयार वाक्य बोलले, "रजिस्टरमध्ये जे आहे ते मला माहीत आणि रजिस्टरला माहीत." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते तिचे. बाहेर पोरगी घसरगुंडीवरून उलटी चढत होती आणि बाप खालून ओरडत होता. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. कुणीतरी आपल्याकडे काहीतरी ठेवायला दिलंय, असं वाटून माणूस जरा फुगतो, तशी मी फुगले होते.

पोरगी हुशार निघाली. नुसती हुशार नाही, हट्टी, बोलभांड आणि वर्गातली पहिली ओरडणारी. दुसरीत असताना तिला चौथीचं पुस्तक वाचता यायचं. जोडाक्षरावर अडखळायची नाही. अक्षर तर असं की सर म्हणायचे, "मॅडम, हिला शिकवू नका, बिघडंल." तिची आई दर वेळी भेटली की एकच गाऱ्हाणं सांगायची, "घरात लई तरास देती. पोळीवर साखर दिली न्हाई तर ताट ढकलती. वेणी घालू देत न्हाई." आणि हे सांगताना तिचं तोंड कौतुकाने भरलेलं असायचं.

आता माझ्या चुकीकडे येते.

आम्हा शिक्षकांकडे माहिती मागवतात. किती मुलं, किती मुली, किती झाडं, किती नळ, मुलांची नावं, बापांची नावं, आयांची नावं, आधारवर काय आणि रजिस्टरवर काय. सगळी तात्काळ. ती भरायची ऑनलाइन, आणि आमच्या शाळेत नेट येतं ते फक्त व्हरांड्याच्या टोकाला, हातपंपाशेजारी. तिथे एक पाय दुमडून पायरीवर बसायचं, मांडीवर लॅपटॉप. जनरल रजिस्टर एवढं मोठं की ते उघडायला दोन्ही हात लागतात आणि टाइप करायलाही दोन्ही हात लागतात. सर तेवढ्या वेळात चारही वर्ग सांभाळत असायचे. तेव्हा वाचून दाखवायला कुणीतरी लागतंच.

मी लहानपणी जालन्याच्या शाळेत होते तेव्हा आमच्या बाई निकालपत्रकं माझ्याकडून उतरवून घ्यायच्या, कारण माझं अक्षर चांगलं. वर्ग खेळायला गेला की मी बाईंच्या खुर्चीशेजारी बसून नावं आणि गुण लिहायची. कोण नापास झालंय ते निकालाच्या आधी मला माहीत असायचं. आयुष्यात पुढे पुरस्कार वगैरे मिळाले नाहीत, पण मिळाले असते तरी त्या खुर्चीशेजारी बसण्याची सर त्यांना आली नसती. सगळ्याच शाळांत हे चालायचं. सुंदर अक्षराचं एक पोर हेरायचं आणि कामाला लावायचं. त्यात काही गैर आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं. मलाही तोच मान या पोरीला द्यावासा वाटला. तिसरीत ती गेल्यापासून माहिती भरायची असली की मी हाक मारायची आणि ती धावत यायची. रजिस्टर पायरीवर ठेवून, मांडी घालून, ओळीवर बोट ठेवून खणखणीत वाचायची. मी टाइप करायची.

तिच्या स्वतःच्या ओळीचं मी ठरवून ठेवलं होतं. ते पान आलं की रजिस्टर आपल्या हातात घ्यायचं, पाणी आणायला पाठवायचं आणि ती ओळ आपण भरायची. दोन-तीनदा तसं केलंही. मी अगदीच बेफिकीर होते असं नाही. पण संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस वरून फोनावर फोन आले. सगळ्या शाळांची माहिती पोचली, तुमचीच राहिली, असं एकाने ऐकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर मी तावातावाने भांडले, फोन ठेवला, स्क्रीनवरचं चक्र गरगर फिरत होतं, आणि त्या रागात मी म्हणाले, "हं, पुढचं वाच."

तिने पुढचं वाचलं. स्वतःचं पूर्ण नाव तिने दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाचलं, नंतर जरा हसली. मग आईचं नाव वाचलं. मी टाइप केलं. बोटांना नावाशी काही देणंघेणं नसतं. मग ती थांबली.

"मॅडम, रजिस्टरमधी चूक ऱ्हाऊ शकती का?"

मी चक्राकडे बघत होते. "रजिस्टरमध्ये? अजिबात नाही," मी म्हणाले. "बाकी सगळे चुकतील, रजिस्टर चुकत नाही. मी स्वतः लिहिलंय ते."

"तुम्ही लिहिलंय?"

"मग! माझं अक्षर ओळखत नाहीस का?"

"ओळखते," ती म्हणाली. "बरं मॅडम."

आणि तिने पुढच्या पोराचं नाव वाचलं. त्याच आवाजात. आणखी दीड पान वाचलं. कुठे अडखळली नाही. माहिती गेली, मी सुटले, खूश होऊन तिला माझ्या पर्समधली नवी पेन्सिल दिली. ती घेऊन वर्गात गेली. मला काहीही कळलं नव्हतं. एक जूनला जन्मलेल्या निम्म्या गावाला हसणारी मी त्या पोरीला खरं ते सांगू शकले असते, की अगं, रजिस्टरं तर चुकांनी भरलेली असतात. तेवढ्या एका वाक्याने तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. पण मला त्या घडीला माझ्या अक्षराचा अभिमान वाटत होता.

मला कळलं ते पुढच्या जूनमध्ये, ती चौथीत आल्यावर. पालकसभा होती. बाया पांगल्यावर तिची आई मागे थांबली.

"मॅडम, तुम्ही काय शिकवलं हो हिला? लई शहाणी झाली. बिलकुल तरास देत न्हाई. वेणी सोता घालती. बारक्या भावाला आधी वाढती, मंग सोता घेती. तुम्ही दिलेली पेन्सिल बी त्यालाच देऊन टाकली."

मी म्हणाले, चांगलं आहे की.

"चांगलंच हाये. शेजारच्या बाया म्हंतात, पोरगी आसावी तर आशी." मग पदराच्या टोकाला गाठ मारत म्हणाली, "पण मॅडम, डब्यातला लाडू घ्यायचा आसला ना, तर इचारती. मम्मी, घेऊ का? म्हंती. आपल्या घरात कुणी इचारतं का हो?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीच्या मागं-पुढं. तिळाच्या लाडवालाच माझ्या ध्यानात आलं."

पायरी, हातपंप, चक्र आणि तो प्रश्न, सगळं एका क्षणात आठवलं. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की यात काळजीचं काही नाही. मी म्हणाले, "मोठी होतेय ती." ते ऐकून तिला बरं वाटलं. जाता जाता तिने माझे आभार मानले. पोरीला वळण लावल्याबद्दल.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं आणि ते पान काढलं. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, जन्म देणाऱ्या आईचं नाव. कुणालाही पहिल्या नजरेत वाचता यावं इतकं नीट. मी रजिस्टर मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. आपल्या हातून मोडलेली वस्तू माणूस उगाच पुन्हा पुन्हा उचलून बघतो, तसं चाललं होतं माझं.

त्याच आठवड्यात मी पोरीचं वाचायचं काम बंद केलं. हाक मारली नाही तेव्हा ती आपणहून आली. "मॅडम, मी काही केलं का?" मी म्हणाले, "नाही गं. नवीन नियम आहे. ही माहिती मुलांनी बघायची नसते." "बरं मॅडम," म्हणाली आणि गेली. तिच्याकडून तेवढं एक मानाचं कामही मी काढून घेतलं, आणि तेही माझ्या चुकीपायी. तेव्हापासून मी फूटपट्टी लावून एकटीच वाचते आणि एकटीच टाइप करते. दुप्पट वेळ लागतो. लागू दे.

मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात यायला लागली. त्या पोरीने महिनेच्या महिने अख्खी शाळा वाचली होती. कुणाच्या बापापुढे 'मयत' लिहिलंय, कोण खरं तर दोन वर्षांनी मोठा आहे, कोण आजोळी राहतो आणि का राहतो, सगळं तिला माहीत होतं. पोरापोरांची भांडणं होतात तेव्हा एकमेकांची आई-बाप काढतात. हिला पाहिजे तेव्हा कुणाचंही तोंड बंद करता आलं असतं. एक शब्द बाहेर आला नाही. आणि मी? एसटीत शेजारी बसणाऱ्या एका शिक्षिकेला त्या आईची गोष्ट मी पहिल्याच वर्षी सांगून टाकली होती, नाव न घेता. नाव घेतलं नाही याबद्दल तिच्याकडून कौतुकही करून घेतलं होतं. आज लिहितानाही नाव घेत नाहीये, पण त्याचं मला आता काही कौतुक वाटत नाही.

चौथीचं ते वर्ष मी रोज ठरवायची की तिच्या आईला सांगायचं. दिवाळी गेली, दुसरी संक्रांत गेली. त्या संक्रांतीला आईने शाळेत तिळाचे लाडू पाठवले. पोरीने सगळ्यांना वाटले आणि माझ्यापुढे डबा धरला. मी एक घेतला. तिने स्वतः घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "घरी इचारून घेईन."

वर्ष संपलं. तिच्या बापाने दुकान शहागडला हलवायचं ठरवलं, तिकडे ट्रकांची वर्दळ जास्त. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आई टीसी मागायला आली, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मी म्हणाले, तयार करते, परवा या.

"परवा सामान जायचंय. मला यायला न्हाई जमायचं. पोरीलाच धाडते. पण मॅडम, पाकिटात घालून चिकटवून द्या. त्याच्यावर आईचं नाव येतं ना. नव्या शाळंत मी सोता नेऊन देईन."

"अजून सांगितलं नाही तिला?"

"न्हाई." ती खाली बघत होती. "दोन डाव रेणुकाईला नेल्तं. नारळ फोडला, वटी भरली, पायरीवर बसलो बी. जीभच उचलत न्हाई मॅडम. आता ती इतकी शहाण्यावानी वागून राह्यली, इतकं जपती मला. वाटतं, सांगितलं अन् तुटली तर?"

वर्गात आम्ही दोघीच होतो. सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. ती शहाणी झालेली नाही, बिचकलेली आहे, आणि ते माझ्यामुळे, एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणाले नाही. वर्षभर मी स्वतःला सांगत होते की त्या दोघींच्या भल्यासाठी गप्प आहे. ते खोटं होतं. माझ्या कपाटाचा, माझ्या किल्लीचा, सगळ्यांना हाकलून लावणाऱ्या माझ्या तोंडाचा गावात जो दबदबा होता, तो जाईल याची मला भीती होती. मी म्हणाले, "चिकटवून देते. काळजी करू नका."

ठरल्या दिवशी पोरगी दुपारी आली, खिचडीच्या सुट्टीत. दोन वेण्या, स्वतः घातलेल्या, एक जरा वर एक जरा खाली. दाखला लिहून, सही-शिक्का मारून टेबलावर होता. मी तो पालथा घालायला गेले, पण उशीर झाला होता. ती टेबलापाशी पोचली होती. तिने कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, पाकीट चिकटवून द्या बरं का."

"मम्मीने सांगितलंय?"

"व्हय. पण मला बी पायजे. उघडं ऱ्हायलं तर मम्मीला वाटंन मी वाचलं."

मी दाखला पाकिटात घातला. डिंकाची बाटली उघडली तर डिंक सुट्टीत वाळून खडा झाला होता. मी ड्रॉवरमध्ये काही सापडतं का ते बघायला लागले. ती म्हणाली, "थांबा," आणि धावत जाऊन खिचडीच्या पातेल्यातून बोटांवर चार शितं घेऊन आली. पाकिटाच्या कडेला ती शितं बोटाने चिरडून लावू लागली. खिचडी पिवळी होती, म्हणून कड पिवळी झाली. माझ्याने राहवलं नाही.

"तुला माहीत आहे ना गं?" मी विचारलं.

"काय, मॅडम?"

"आत काय लिहिलंय ते."

"माहितीये की," ती शितं लावत म्हणाली. "तुम्हीच तर लिहिलंय."

"माझं चुकलं. ते रजिस्टर तुझ्या हातात द्यायला नको होतं मी."

तिने जरा विचार केला. "पण ते बराबर हाये ना?"

"हो. बरोबर आहे."

"मंग?" म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मम्मीला नका सांगू हां, मॅडम. तिला सोताला सांगायचंय मला. रेणुकाईला त्याच्यासाठीच नेल्तं. मला कळतं. पायरीवर बसली की तिचं तोंड उतरतं, मंग ती उठती अन् मला पेढा घेऊन देती. सांगंन ती. जल्दी न्हाई करायची."

एवढीशी पोर मला समजावत होती. मी मान हलवली. आईने मला गप्प राहायला सांगितलं होतं, आता पोरीनेही सांगितलं. दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि मधे मी, जिने हे सगळं करून ठेवलं. माझं काम आता फक्त पाकीट चिकटवायचं उरलं होतं. मी कड दाबली. माझ्या हातून ती नीट बसेना, म्हणून तिने पाकीट माझ्याकडून घेतलं आणि अंगठा दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

दारापर्यंत जाऊन ती वळली.

"मॅडम, एक इचारू?"

"विचार."

"मम्मी सांगंन तव्हा मी रडू का नको रडू? कसं केलं तर तिला वाटंन की मला आत्ताच कळलं?"

शिकवणीवाल्याला, कार्यकर्त्याला, त्या जन्मतारीखवाल्या बाप्याला, सरांना, सगळ्यांना द्यायला माझ्याकडे वाक्यं तयार असायची. त्या दिवशी एकही नव्हतं. मी म्हणाले, "तेव्हा जे येईल ते कर, बाळा." शिक्षकाला उत्तर येत नाही हे मुलांना बरोबर कळतं. तिलाही कळलं. तिने "बरं मॅडम" म्हटलं, संक्रांतीच्या आधी पायरीवर म्हटलं होतं अगदी तसंच.

शितं अजून ओली होती. पाकीट उघडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी दाबून धरून ती मैदानातून गेली, घसरगुंडीकडे न बघता.